युरोपला द्राक्षं पाठवायचीत? मग एप्रिलपासून लागा कामाला

दरवर्षी डिसेंबर उजाडला की मला हमखास एक फोन येतो. "भाऊ, यंदा माल एक नंबर आहे. मणी अठरा-एकोणीस मिलिमीटरचा उतरेल. युरोपला लावून द्या की!" मी विचारतो, "एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी मारलं होतं का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "अहो, एप्रिलमधलं आता कोणाला आठवतंय?"

ज्याला आठवत नाही, त्याने तो माल वाशीला किंवा कोलकात्याला पाठवावा. तिथेही चांगला भाव मिळतो आणि रात्री झोप लागते. युरोपचं गिऱ्हाईक मात्र तुमच्या द्राक्षाची चव नंतर बघतं. आधी ते विचारतं, हा घड कोणत्या प्लॉटचा, त्यावर कधी काय फवारलं, आणि हे कागदावर आहे का? निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर मला एवढं कळलंय की, युरोपची ऑर्डर डिसेंबरात मिळत नाही. ती एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या (जुनी काडी छाटून नवी फुटवायच्या) वेळी बागेत तयार होते किंवा तिथेच हातची जाते.

उदाहरण द्राक्षाचं घेतोय, कारण ते मला आतून-बाहेरून माहीत आहे. पण केनियाची फरसबी असो, पेरू देशाची द्राक्षं असोत की सांगलीची हळद, विकसनशील देशातून युरोपात शिरायची वाट थोड्याफार फरकाने हीच आहे.

२०१० साली काय झालं

नवीन मुलांना हे माहीत नसतं, म्हणून आधी सांगतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून काडीत घड निर्माण व्हावा, म्हणून वर्षानुवर्षं वापरलं जाणारं वाढनियंत्रक. एप्रिल-मे मध्ये मारलेलं औषध पुढच्या मार्चमधल्या द्राक्षात कुठून येणार, असं आपण धरून चाललो होतो. पण ते वेलीत साठून राहतं. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि माल धडाधड अडकला. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत हे रसायनच नव्हतं. म्हणजे रिपोर्ट पास, आणि माल फेल. त्या वर्षी कित्येक निर्यातदार बुडाले, आणि बागायतदारांचे पैसे त्यांच्याबरोबर गेले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. यादीत काय आहे ते बघायचंच, पण बागेत काय मारलंय ते आधी विचारायचं, आणि तेही मागच्या खरड छाटणीपासूनचं. प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते.

पहिलं काम: कोणाला आणि कधी विकायचं ते ठरवा

"युरोप" नावाचा एक बाजार नाही. रॉटरडॅमला उतरलेला माल सगळा डच लोक खात नाहीत. बंदराजवळच्या बारेनड्रेख्ट-रिडरकेर्क भागात आयातदारांची गोदामं दाटीवाटीने आहेत. तिथून माल जर्मनी, पोलंड, स्कँडिनेव्हियाकडे जातो. आपल्या आकडेवारीत नेदरलँड्स मोठा दिसतो त्याचं हे एक कारण. त्यामुळे आयातदाराला पहिला प्रश्न हा विचारा, "माझा माल शेवटी कुठल्या देशात, कुठल्या दुकानात जाणार?" कारण अटी तिथून येतात.

जर्मनीतल्या मोठ्या सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेवर थांबत नाहीत. काहींना औषधाचा मालात उरलेला अंश कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लागतो, शिवाय एका नमुन्यात मोजक्याच रसायनांचे अंश चालतात. म्हणजे प्रत्येक औषध मर्यादेत असूनही, सात-आठ औषधांचे थोडे थोडे अंश निघाले तर माल परत. हे तुम्हाला ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी माहीत नसेल, तर फवारणीचं वेळापत्रक कशाच्या जोरावर आखणार? ब्रिटनचं वेगळंच. ब्रेक्झिटनंतर त्यांची अंशमर्यादांची यादी स्वतंत्र झाली आहे. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन्ही याद्या उघडून जी मर्यादा कडक, ती धरायची.

आता वेळ. युरोपातली स्वतःची द्राक्षं हिवाळ्यात संपत येतात. मग पेरू आणि दक्षिण आफ्रिका बाजार भरतात, चिलीही येतं. आपला माल फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिथे पोचतो, आणि मे सरता सरता इजिप्तची द्राक्षं येऊ लागतात. आपली जागा दक्षिण आफ्रिका आणि इजिप्त यांच्या मधली. दक्षिण आफ्रिकेला पावसाने झोडपलं की आपल्याला भाव, त्यांचं पीक भरघोस आलं की आपले कंटेनर कोल्ड स्टोरेजमध्ये पडून. त्यामुळे नाशिकचं हवामान बघता तसंच दक्षिण आफ्रिकेतल्या हेक्स रिव्हर खोऱ्याचं आणि पेरूतल्या इका-पिउराचंही बघायची सवय लावून घ्या. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यावरून आपली छाटणी लवकर घ्यायची की उशिरा, याचा थोडाफार अंदाज येतो.

हा अभ्यास फुकटात करायची सोय आहे. युरोपियन कमिशनचं 'ॲक्सेस टू मार्केट्स' नावाचं पोर्टल आहे. मालाचा एचएस कोड टाका (ताज्या द्राक्षांचा ०८०६१०, बेदाण्यांचा ०८०६२०, हळदीचा ०९१०३०), तुमचा देश आणि पोचायचा देश निवडा. आयातकर, लागणारी प्रमाणपत्रं, नियम सगळं समोर येतं. द्राक्षांवरचा कर वर्षातल्या तारखेप्रमाणे बदलतो, हेही तिथेच दिसेल. नेदरलँड्स सरकारची 'सीबीआय' ही संस्था १९७१ पासून विकसनशील देशांतल्या निर्यातदारांसाठी काम करत आली आहे. तिचे बाजार-अभ्यास मी तरी प्रत्येक नवख्याला वाचायला लावतो. भारत आणि युरोपियन युनियन यांच्यातल्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्यामुळे कराचा आकडा शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेला धरू नका. भाव देण्याच्या दिवशी पोर्टलवर बघा.

दुसरं काम: कागदं. ही पटकन होतात

परकी व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो, आणि तो बंद पडल्याचं लोकांना जानेवारीत शिपिंग बिल भरताना कळतं. अपेडा, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची सदस्य नोंदणी (आरसीएमसी). जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी. बंदरावर तुमच्या बँकेच्या एडी कोडची (परकी चलन हाताळणाऱ्या बँकेच्या क्रमांकाची) नोंद. सीए आणि कस्टम्सचा एजंट चांगला असेल तर महिन्याभरात सगळं मार्गी लागतं.

करसवलत घ्यायची असेल तर मालाच्या मूळ देशाचा दाखला लागतो. विकसनशील देशांना करसवलत देणाऱ्या युरोपच्या जीएसपी योजनेत त्यासाठी 'रेक्स' पद्धत आहे. निर्यातदाराने नोंदणी करून स्वतःच बीजकावर मूळ देशाचं निवेदन लिहायचं. ६,००० युरोपर्यंतच्या खेपेला ही नोंदणी लागत नाही, पण द्राक्षाचा कंटेनर त्याच्या कितीतरी वर जातो. बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांना 'शस्त्रं सोडून सगळं' या योजनेत शून्य कर लागतो, म्हणून तिथल्या मालाशी भावाची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा.

तिसरं काम: बाग नोंदवा आणि वही लिहा

इथे मात्र घाई नको.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवलेला असावा लागतो आणि त्याची सगळी वाटचाल अपेडाच्या 'ग्रेपनेट' या ऑनलाइन यंत्रणेत दिसते. प्लॉट, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, ॲगमार्क प्रतवारी, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), सगळं एका साखळीत. २००६ च्या सुमारास ही यंत्रणा आली तेव्हा आम्ही कुरकुर केली होती. आज मला वाटतं, आपल्या द्राक्षाने युरोपात पाय रोवले त्यात तिचा वाटा मोठा आहे. नंतर आंबा, डाळिंब, भाजीपाल्यासाठी तशाच यंत्रणा उभ्या राहिल्या.

कायद्याला एवढं पुरतं. सुपरमार्केटला पुरत नाही. त्यांना 'ग्लोबलगॅप' लागतं. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये 'युरेपगॅप' म्हणून सुरू केलेली ही खासगी मानकं, २००७ मध्ये नाव बदललं. कायद्याने सक्ती नाही, पण त्याशिवाय मोठ्या साखळीत शिरकाव नाही. एकेकट्या दोन एकरवाल्याला हा खर्च झेपत नाही, म्हणून गटाचं प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे. गटात एक अंतर्गत तपासणीस नेमावा लागतो, आणि एकाने घोळ घातला तर अख्खा गट लटकतो. गट करताना भाऊबंदकी बघू नका, फवारणीची वही बघा. मजुरांची स्थिती तपासणारा 'ग्रास्प' हा जोडभागही आता बहुतेकजण मागतात: मजुरी वेळेवर दिली का, पिण्याचं पाणी, शौचालय, पोरं कामाला नाहीत ना. तपासनीस बागेत येऊन थिनिंगच्या (मणी विरळणीच्या) बायकांशी बोलतो, आणि त्या खरं तेच सांगतात.

फवारणीच्या वहीबद्दल थोडं. वहीत तारीख, औषधाचं नाव आणि त्यातला घटक, प्रमाण, किती पाणी, कशासाठी मारलं, कोणी मारलं आणि काढणीपूर्व किती दिवस सोडायचे, एवढं हवं. ती त्याच दिवशी लिहायची. तपासनिसाला एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही पहिल्या पानावरच कळते. एका तरुण बागायतदाराच्या वहीवर डाउनी (केवडा) रोगाच्या फवारणीच्या दिवशी औषधाचा डाग आणि पावसाचे थेंब होते. तपासनीस हसला आणि पुढचं पान न उलटता सही करून गेला.

चौथं काम: अंश, म्हणजे रेसिड्यू

युरोपात कीडनाशकांच्या अंशमर्यादा ३९६/२००५ या नियमाखाली ठरतात. ज्या औषधाला त्या पिकात वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून हिशेब करून दाखवतो. एका रिफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्ष बसतं. ०.०१ च्या मर्यादेत अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून ते औषध १३० मिलिग्रॅम चालतं. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त भरतं.

आता विचार करा. शेजारच्या टोमॅटोवर वाऱ्याच्या दिवशी फवारणी झाली, किंवा ब्लोअरची टाकी आधीच्या औषधानंतर नीट धुतली नाही, तर काय होईल? मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) पूर्वी सर्रास वापरलं जाणारं क्लोरपायरीफॉस घ्या. त्याची मान्यता युरोपने २०२० च्या जानेवारीत संपवली आणि त्याच वर्षाअखेरीस मर्यादा ०.०१ वर आणली. आधी चालणारं औषध एका हंगामात चालेनासं झालं. म्हणून जुन्या अनुभवावर औषध निवडायचं नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथून दर हंगामाला शिफारशीच्या औषधांची यादी निघते, त्यात अंशमर्यादा आणि काढणीपूर्व दिवस दिलेले असतात. ती यादी छापून औषधाच्या खोलीच्या दारावर चिकटवा. कृषी सेवा केंद्रातला पोरगा "दादा, हे नवीन आलंय, रिझल्ट जबरदस्त" म्हणाला, तर त्याला त्या यादीत नाव दाखवायला सांगा. पुडीवर लिहिलेलं नसलं तरी 'जैविक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत रासायनिक भेसळ निघते. माझा दोनदा हात भाजलाय, आता मी वापरायच्या आधी अशी बाटली प्रयोगशाळेत देतो.

काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेतो. तो येण्याच्या तीन आठवडे आधी एक नमुना स्वतःहून तपासून घ्या. काही हजारांचा खर्च आहे. निघालेला आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर थांबायला वेळ मिळतो. सरकारी नमुना फेल गेला की मात्र त्या प्लॉटची युरोपची वाट अडते.

द्राक्षाबाहेरच्यांसाठी

एक खेप पकडली गेली की तिची खबर युरोपच्या तातडीच्या इशारा यंत्रणेवर (रॅसफ) सगळ्या देशांना जाते. मग तुमचा माल साफ असला तरी तुमच्या देशाच्या मालावर डोळा राहतो. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांच्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. कोकणातल्या ज्या हापूसवाल्याने जिवापाड माल जपला, त्याचाही हंगाम गेला. गरम पाण्याची प्रक्रिया आणि पॅकहाउसमधली कडक तपासणी सुरू झाली, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली, भाज्यांना आणखी थांबावं लागलं.

तिळाचं २०२० मध्ये असंच झालं. जंतू मारायला वापरलेल्या इथिलीन ऑक्साइडचे अंश भारतीय तिळात सापडले आणि युरोपने खेपांची तपासणी पन्नास टक्क्यांवर नेली. मसाले, तीळ, वाळवलेला कांदा-लसूण करणाऱ्यांनी निर्जंतुकीकरण वाफेवरच करावं, आणि ज्याच्याकडून करून घेता त्याच्याकडून तसं लेखी घ्यावं. जादा तपासणीचा माल कोणता, याची यादी २०१९/१७९३ या नियमाला जोडलेली असते आणि ती साधारण सहा महिन्यांनी बदलते. ऑर्डर घेण्याआधी तिच्यावर एक नजर टाका, कारण बंदरावर अडकलेल्या कंटेनरचं भाडं रोज चढतं.

हळद-मिरचीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बघा: बी-१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, एकूण १०. बेदाण्यात ऑक्राटॉक्सिन-ए हे तसंच विष, मर्यादा ८ मायक्रोग्रॅम. तासगावच्या बेदाणावाल्यांनो, रॅकवर माल ओला असताना आलेला अवकाळी पाऊस पुढे या आकड्यात दिसतो. सेंद्रिय मालाला नवा २०१८/८४८ हा नियम लागतो. त्यात शेतकरी गट कायदेशीर नोंदणी असलेला हवा आणि सभासद २,००० च्या आत. जुन्या पद्धतीने बांधलेले मोठे गट फोडावे लागले ते यामुळे.

गिऱ्हाईक शोधणं आणि सौद्याची बोली

बर्लिनला फेब्रुवारीत 'फ्रूट लॉजिस्टिका' भरतं, माद्रिदला ऑक्टोबरात 'फ्रूट अट्रॅक्शन'. प्रक्रिया केलेल्या मालाला कोलोनचं 'अनुगा' आणि पॅरिसचं 'सियाल'. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. तिकीट काढून जा, चार दिवस फिरा, दक्षिण आफ्रिकेच्या आणि पेरूच्या स्टॉलवर त्यांची पेटी, लेबल, मण्याचा आकार बघा. बर्लिनच्या वेळी आपला हंगाम ऐन भरात असतो, म्हणून खरं तर माद्रिदच सोयीचं. मेल पाठवताना "आम्ही उत्तम दर्जाची द्राक्षं पुरवतो" असं लिहू नका, असे शंभर मेल त्याच्याकडे रोज येतात. लिहा: वाण, मण्याचा आकार, ब्रिक्स (गोडीचं माप), कोणत्या आठवड्यात किती कंटेनर, ग्लोबलगॅपचा जीजीएन क्रमांक, मागच्या हंगामाचा अंश अहवाल. उत्तर येतं ते अशा मेलला.

सौदा तीन तऱ्हेने होतो. ठरलेला भाव, किमान हमी भाव आणि वर फायद्यात वाटा, किंवा कमिशनवर. कमिशनवर म्हणजे माल तुमचा, विकणारा तो. विक्रीतून कमिशन, कर, हाताळणी, पुन्हा पॅकिंग असं सगळं वजा करून उरेल ते तुमचं. माझा पहिला कंटेनर मी असाच दिला. दोन महिन्यांनी हिशेब आला, त्यात माझ्याकडूनच काही युरो येणं दाखवलं होतं! दोष सगळा त्याचा नव्हता. माझ्याकडे लोडिंगचे फोटो नव्हते, तापमानाची नोंद नव्हती आणि करारात 'भाव पडला तर काय' हे एक वाक्यही नव्हतं. म्हणून नवख्याला माझा सल्ला, पहिली दोन वर्षं स्वतः थेट जाऊच नका. चांगल्या निर्यातदाराला किंवा शेतकरी कंपनीला माल द्या आणि शिका. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली ती याच विचाराने, आणि दिंडोरीतल्या मोहाडीच्या 'सह्याद्री'ने पुढे शेतकऱ्यांच्या मालकीचं मोठं काम उभारलं. थेट जायचंच असेल तर किमान हमी भाव, काही रक्कम कागदपत्रं पोचताच, आणि गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारा ईसीजीसीचा विमा, एवढं तरी घ्या.

भावाचा हिशेब उलटा मांडा

खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा साडेचार किलोची पेटी तिकडे ९ युरोला गेली. कमिशन आठ टक्के धरलं तर ०.७२, कर ०.६०, तिकडची हाताळणी आणि वाहतूक ०.८०, जहाजभाडं २.००, इकडचं पॅकहाउस-पॅकिंग-बंदरापर्यंतचा खर्च १.३०. उरले ३.५८ युरो, म्हणजे किलोला ०.८० च्या आसपास. युरो १०० रुपये धरला तर बागेत किलोमागे ८० रुपये, त्यातून तुमचा नफाही जायचाय.

आता भाव ९ चा ७.५० झाला. कमिशन आणि कर थोडे कमी होतात, बाकी खर्च एक पैसा हलत नाही. उरतात २.३० युरो, किलोला ५१ रुपये. तिकडे भाव सहाव्या हिश्शाने पडला आणि इकडे बागेतला भाव तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला. बागायतदाराला आदल्या महिन्यात ८० चा शब्द दिलेला निर्यातदार हंगामाच्या मध्यावर फोन उचलेनासा का होतो, त्याचं उत्तर बऱ्याचदा या दोन ओळींत असतं.

काढणीपासून बंदरापर्यंत

काढणी पहाटे. ब्रिक्स १६ च्या वर आणि मणी सोळा मिलिमीटरपेक्षा मोठा, ही किमान अपेक्षा. चांगलं गिऱ्हाईक अठरा मागतं. दव पडलेला, ओला घड पेटीत गेला की तो कंटेनरमध्ये कुजणारच. क्रेटला सावली, आणि काढल्यापासून काही तासांत प्री-कूलिंग. घडाच्या गाभ्याचं तापमान ४ अंशांपर्यंत खाली आलं की मग साठवण शून्याच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. पेटीत गंधकाचा वायू सोडणारा पॅड टाकतात. तो कमी पडला तर बुरशी, जास्त झाला तर मण्यावर पांढरे डाग. देठ हिरवा राहिला पाहिजे, कारण तिकडचा माणूस पेटी उघडून मणी नंतर बघतो, आधी देठ.

एक चूक वारंवार होते. घाईत माल पूर्ण थंड न करताच कंटेनर भरतात, "रिफर आहे की, होईल थंड." रिफर आधीच थंड केलेला माल थंड ठेवतो, गरम माल थंड करायला तो बनलेलाच नाही. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत खपून जाणारी प्री-कूलिंगमधली ढिलाई अशा लांबलेल्या प्रवासात उघडी पडते.

प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदणारे दोन लॉगर टाका, एक दाराजवळ, एक मध्ये. भरताना फोटो काढा, शेवटचा फोटो सीलच्या क्रमांकाचा. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का हवा. डिसेंबर २०१९ पासून केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही पाच सोडली तर युरोपात जाणाऱ्या जवळपास सगळ्या ताज्या फळांना फायटो लागतं. त्यावरचं वजन, पेट्या, कंटेनर क्रमांक बीजकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. एका अंकाच्या चुकीने माल चार दिवस उभा राहिलेला मी पाहिलाय, आणि ते चार दिवस नेमके शनिवार-रविवारला जोडून आले.

अर्धा किलोच्या प्लास्टिक पनेटवर (छोट्या डब्यांवर) ज्यांनी सगळी मांडणी केली आहे, त्यांनी एक तारीख लिहून ठेवा. युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमाप्रमाणे १ जानेवारी २०३० पासून दीड किलोच्या आतल्या ताज्या फळं-भाज्यांना एकदाच वापरायचं प्लास्टिकचं वेष्टन चालणार नाही. नाजूक मालाला सवलत द्यायची मुभा देशांना आहे, पण ती द्राक्षाला कुठे मिळेल यावर धंदा बेतू नका. कागदी पनेटमध्ये माल कसा टिकतो, याच्या चाचण्या आत्ताच घ्या, दर हंगामाला एक पॅलेट तरी.

माल पोचल्यावर

माल उघडला की एक-दोन दिवसांत आयातदाराचा गुणवत्ता अहवाल येतो. तक्रार आली तर लगेच "नाही" म्हणू नका, आणि लगेच कबूलही करू नका. पेट्यांचे फोटो, पॅलेट क्रमांक आणि लॉगरची नोंद मागा. रक्कम मोठी असेल तर त्रयस्थ सर्व्हेअर लावा, त्याची फी किती आणि कोणी भरायची हे करारात आधीच लिहिलेलं असावं. प्लॉटनिहाय कोड पेटीवर असेल तर तक्रार चाळीस पेट्यांपुरती राहते, नाहीतर पूर्ण कंटेनर बदनाम होतो. हीच गोष्ट बागायतदारालाही दाखवा. त्याचा माल का कापला, हे फोटोसकट दाखवलं तर तो पुढच्या वर्षीही तुमच्याकडे येतो.

शेवटचा हिशेब मे-जूनमध्ये येतो. प्रत्येक वजावटीला बिल मागा. चांगला आयातदार ते न मागता जोडतो. आणि त्याच्याशी पुढच्या हंगामाचं बोलणं मात्र हिशेब येईपर्यंत थांबवू नका. मार्चअखेर, कंटेनर समुद्रात असतानाच त्याला फोन लावा: पुढच्या वर्षी कोणत्या देशाचं दुकान, कोणती अंशमर्यादा, कोणती औषधं नकोत. कारण पंधरा दिवसांत इकडे खरड छाटणीच्या कात्र्या सुरू होतात, आणि पाठोपाठ कोणीतरी सीसीसीची बाटली घेऊन विचारायला येतंच, "भाऊ, मारू का?"